बिनविरोधांचा अधिकृत फोटो

माझा मामा एकोणीस दिवस राष्ट्राध्यक्ष होता. त्यात दोन रविवार आले. आमच्या घराण्यात याआधी कोणी इमारतीचा सेक्रेटरीसुद्धा झालेलं नव्हतं, त्यामुळे असं काही झालं की काय करायचं असतं, हे सांगायला कोणी मोठं माणूस नव्हतं.

मामा सरकारी छायाचित्र खात्यात शिपाई. मीही तिथेच, फोटो काढायला. मला मामानेच चिकटवलं. आमच्याकडे एक पद्धत आहे. मोठा माणूस यायच्या आधी त्याच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला तरी बसवून उजेड तपासायचा. मोठ्या माणसाचा वेळ मोलाचा असतो, शिपायाचा असला तरी तसं कुठे लिहिलेलं नाही. मामाची उंची मध्यम, बांधा मध्यम, मिशीही मध्यम. स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट टांगलेला असायचा. तो घालून मामाने एकतीस वर्षांत चार राष्ट्राध्यक्षांचा आणि पोतंभर मंत्र्यांचा उजेड बसून दिला होता.

आता त्याची निवृत्ती आली होती, तीस तारखेला. मामापेक्षा मामी जास्त दिवस मोजत होती. एकतीस वर्षं मामा सकाळी आठला डबा घेऊन निघायचा आणि रविवारी कुठल्या तरी मंत्र्याचं फीत कापणं असायचं. दुपारचं गरम जेवण त्या दोघांनी एकत्र असं जेवलेलंच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मामीने दोन वेताच्या खुर्च्या आणून गॅलरीत समोरासमोर ठेवल्या. एकीवर ती बसायची. दुसरीवर टॉवेल वाळायचे.

"एक तारखेपासून या खुर्चीवर माणूस बसेल," ती टॉवेल उचलताना म्हणायची. टॉवेललाही ते पाठ झालं असावं.

त्याच महिन्याच्या एक तारखेला देशाला नवे राष्ट्राध्यक्ष मिळाले. त्यांना सगळे 'बिनविरोध साहेब' म्हणत. मुळात घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा तिसरा मुलगा. शाळेत दोन दांडगी पोरं मॉनिटर व्हायला मारामारी करत होती म्हणून मास्तरांनी मधल्या बाकावरच्या या गप्प मुलाला मॉनिटर केलं. कोणाची हरकत आली नाही. तिथून गाडी जी रुळाला लागली ती थांबलीच नाही. नगरसेवक झाले, आमदार झाले, पुढे वजनमापे खात्याचे मंत्री झाले. प्रत्येक वेळी दोन गट एकमेकांच्या उरावर बसलेले आणि हे शेजारी उभे. संबंध कारकिर्दीत त्यांनी एकच वाक्य जाहीरपणे उच्चारलं, "माझी हरकत नाही." लग्न मात्र झालं नाही. लग्नाला कोणीतरी हो म्हणावं लागतं, नुसती हरकत नसून भागत नाही.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचे दोन गट अकरा दिवस भांडले आणि बाराव्या दिवशी दमून बिनविरोधांवर येऊन बसले. आमच्या कायद्यात आहे की निवडीनंतर तीस दिवस कोणाही नागरिकाला लेखी हरकत घेता येते. हरकत आली तर निवड पुन्हा. त्यासाठी छापलेले अर्ज एका कपाटात होते. कपाटाची चावी त्याच कपाटात होती.

तीन तारखेला साहेब अधिकृत फोटोसाठी आले. त्याआधी मी मामाला खुर्चीवर बसवून एक फोटो घेतला. मग साहेब बसले आणि मी अकरा घेतले. सहांत डोळे मिटलेले होते. उरलेल्या पाचांत खुर्ची फार छान आली होती.

बारा छोटे फोटो एका कागदावर छापून मी राष्ट्राध्यक्षांच्या सचिवांसमोर ठेवले. सचिवांनी भिंग फिरवलं आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

"हा. यात साहेबांच्या चेहऱ्यावर देशाची चिंता दिसते."

चिंता होती खरी, पण देशाची नव्हती. मामाचा चहा बाहेर गार होत होता.

आता मी बोलायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण मला वाटलं, सचिवांना आपले साहेब ओळखू येत असतीलच, बहुतेक विनोद करताहेत. ते गेल्यावर मी आमच्या खातेप्रमुखांना सांगितलं.

"सचिवांना राष्ट्राध्यक्ष ओळखता येत नाहीत, असं तुला म्हणायचंय?"

"तसं नाही, पण तो मामा आहे."

"लेखी म्हणशील?"

त्यांनी सही केली. सचिवांची होतीच. खाली तिसरी माझी.

तुम्ही म्हणाल, देशात कोणालाच साहेबांचा चेहरा माहीत नव्हता का. तर नव्हता. तीस वर्षं ते प्रत्येक फोटोत तिसऱ्या रांगेत, कुठल्या तरी उंच मंत्र्याच्या मागे उभे असायचे. पक्षाला त्यांचा डावा कान पाठ होता, त्यापलीकडे काही नाही.

साठ हजार प्रती निघाल्या. नऊ तारखेपर्यंत प्रत्येक कचेरीत, शाळेत, पोलीस चौकीत माझा मामा लटकला. दहा तारखेला साहेब फिरायला जाऊन आपल्याच बंगल्याच्या फाटकाशी परत आले, तर पहारेकऱ्याने अडवलं. पहाऱ्याच्या खोलीत फोटो होता. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"मिशी कुठाय?"

"मला मिशी नाही."

"राष्ट्राध्यक्षांना आहे."

"असेल," साहेब म्हणाले. "बसू का इथे? तुमची हरकत नसेल तर."

तीन तास ते फाटकाजवळच्या बाकावर बसून होते. पहारेकऱ्याने त्यांना अर्धा कप चहा दिला आणि माणूस सज्जन वाटतो, अशी वहीत नोंद केली.

अकरा तारखेला बैठक झाली. फोटो दाखवायला म्हणून मला बोलावलं होतं, मामाला चहा द्यायला.

"साठ हजार फोटो परत मागवायचे," सचिव म्हणाले, "तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर या तीन सह्या कोणाच्या, हे निघेल."

खातेप्रमुख टेबलाच्या लाकडाचं निरीक्षण करत होते.

"त्यापेक्षा," सचिव म्हणाले, "फोटो साठ हजार आहेत. माणूस एक आहे."

ते सगळ्यांना एकदम पटलं. ज्याची संख्या कमी ते बदलायचं. साहेबांना विचारलं. त्यांची हरकत नव्हती. मामाला विचारलं नाही. त्याला हुकूम दिला, 'उजेड तपासण्यासाठी राष्ट्राध्यक्ष भवनात तात्पुरती नेमणूक'. त्याच्या जागी स्टुडिओत साहेबांना पाठवलं. पटावरची संख्या जुळली पाहिजे ना.

मामाने ट्रे खाली ठेवला. "पण मला तीस तारखेला सोडणार ना?"

"राष्ट्राध्यक्षांना निवृत्ती नसते," सचिव हळूच म्हणाले. "पाच वर्षांची मुदत असते."

संध्याकाळी मामा घरी सांगायला गेला. मला सोबत घेऊन गेला, साक्षीदार म्हणून की ढाल म्हणून, ते त्याने सांगितलं नाही.

"पाच वर्षं?" मामी म्हणाली.

"अगं, मुदतच तेवढी असते."

"आणि ही खुर्ची?"

"तिथेही खुर्ची आहे म्हणे. मोठी आहे."

"तिथली खुर्ची मी नाही आणलेली."

"मी काय करू? हुकूम आहे."

"एकतीस वर्षं हुकूम आहे, हुकूम आहे. अहो, एकदा तरी जमत नाही म्हणालात का कोणाला?" मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू रे, भाच्या. फोटो काढतोस ना? मग तुला माणूस कळत नाही?"

मी गॅलरीतले टॉवेल बघत होतो. नीट वाळले होते.

मामा राष्ट्राध्यक्ष म्हणून वाईट नव्हता. सवयीचा तेवढा घोटाळा होता. बेल वाजली की तो उठून उभा राहायचा. परदेशी राजदूत आले तेव्हा त्यांच्या हातातून कप घेऊन तो विसळून आला. भवनातल्या एकशे बारा खोल्यांतले दिवे तो रोज संध्याकाळी स्वतः फिरून बंद करायचा. दोन अधिकारी अंधारात अडकले. 'साधेपणाचा नवा आदर्श' असा अग्रलेख आला. लोक खूश झाले. सचिव तर इतके खूश की त्यांनी पाच वर्षांनंतरच्या पाच वर्षांचंही मनात धरलं. मामा मात्र रोज दुपारी एवढ्या मोठ्या टेबलाच्या टोकाला एकटा बसून घरून आणलेला डबा उघडायचा. तो गारच असायचा.

इकडे साहेब स्टुडिओतल्या स्टुलावर रमले. "सर, हलू नका," मी उजेड लावताना म्हणायचो.

"मी कधी हललोय?" ते म्हणायचे. कोणीतरी आपल्याकडे इतकं टक लावून बघतंय, याची त्यांना फार मजा वाटायची. रिकाम्या वेळात त्यांनी नऊ वर्षं बंद असलेलं स्टुडिओतलं घड्याळ उघडून चालू केलं. दीडला सुरू झालेली जेवणाची सुट्टी दोनला संपू लागली. खात्यात पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल कुजबुज झाली, पण लेखी कोणी दिलं नाही.

तीस तारीख आली. मामाच्या निवृत्तीचा कागद सहा महिन्यांपूर्वी निघाला होता आणि निघालेला कागद थांबवायचा अर्ज आमच्याकडे नाही. निरोपसमारंभ ठरला. हार आला, भिंतीवर लावायचं नवं घड्याळ भेट म्हणून आलं, आणि मामाच्या जागेवर जो होता त्याला, म्हणजे साहेबांना, खुर्चीत बसवलं. खातेप्रमुखांनी भाषण केलं. "एकतीस वर्षं यांनी खात्याची सेवा केली." साहेबांची हरकत नव्हती. राष्ट्राध्यक्षांचा संदेश घेऊन सचिव जातीने आले होते.

तेवढ्यात दारात मामी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. निवृत्त होणाऱ्याला घरी न्यायला घरच्यांनी यावं, असं पत्र खात्यानेच पाठवलं होतं.

"हे कोण?" तिने साहेबांकडे छत्री रोखली.

"तुमचे यजमान," खातेप्रमुख कागद बघून म्हणाले. "आज निवृत्त होताहेत."

"मी यांना ओळखत नाही. माणूस चांगला दिसतो, पण माझा नाही."

सचिव गोड हसून पुढे झाले. असल्या प्रसंगांना त्यांच्याकडे ठरलेलं वाक्य होतं, आणि आजवर ते कधी वाया गेलं नव्हतं. "वहिनी, थोडी अडचण आहे, समजून घ्या. तुमची काही हरकत नाही ना?"

"आहे," मामी म्हणाली.

साहेबांनी चालू केलेलं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं. साहेब खुर्चीतून अर्धवट उठून मामीकडे बघत राहिले. सहा दशकांत त्यांनी तो शब्द त्या अर्थाने ऐकलाच नव्हता.

"म्हणजे," सचिवांचा आवाज उतरला, "तोंडी ना?"

"कागद द्या, लिहून देते. तो भिंतीवर टांगलाय तो माझा नवरा आहे. त्याला कोणी निवडून दिलेलं नाही, मी सोडून."

आज तिसावा दिवस होता. कचेरी सुटायला चाळीस मिनिटं होती, आणि ते घड्याळ बरोबर होतं. हरकत दाखल झाली की निवड पुन्हा. पुन्हा दोन गट, पुन्हा अकरा दिवस, आणि आता तर तीन सह्यांचं प्रकरणही. सचिवांनी मामीला स्वतः खुर्ची दिली.

"वहिनी, काय केलं तर तुम्ही लिहिणार नाही?"

"माणूस द्या."

"आणि फोटो?"

मामीने भिंतीकडे नीट पाहिलं. "फोटो राहू दे. चांगला आलाय. लग्नातसुद्धा इतका चांगला आला नव्हता."

सचिवांनी सुटकेचा निःश्वास सोडला. फोटो राहणार असेल तर बाकी काय, माणूसच बदलायचा होता. वीस मिनिटांत मामाला गाडीतून आणलं. त्याने आल्या आल्या खोलीतला जादा दिवा बंद केला. साहेबांनी गळ्यातला हार काढून मामाच्या गळ्यात घातला, भेटीच्या घड्याळाला चावी देऊन ते त्याच्या हातात दिलं, आणि ज्या गाडीतून मामा आला तिच्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी भवनातून एका ओळीचं पत्रक निघालं, 'राष्ट्राध्यक्षांनी मिशी काढली.' ती ओळ आधीच्या बैठकीत कोणाला का सुचली नाही, असं मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले, तेव्हा कोणाची हरकत नव्हती. हरकतच नसेल तर उपाय कशावर काढायचा? देशात आठवडाभर चर्चा झाली. निम्म्या लोकांना मिशीशिवाय साहेब जास्त तरुण वाटले.

मामा आता गॅलरीत बसतो. टॉवेल दोरीवर गेले. दुपारी दोघं गरम जेवतात. मामा पहिल्याच दिवशी जीभ भाजून बसला, त्याला सवय नव्हती. मामीशी बोलताना मधेच उठायला लागला की ती नुसतं "कुठे?" म्हणते, आणि तो बसतो.

गेल्या महिन्यात त्याला हयातीचा दाखला द्यायला कचेरीत जायचं होतं. मामी सोबत होती, मीही. खिडकीमागच्या कारकुनाने कागद घेतले, मान वर केली आणि थबकला. त्याच्या डोक्यावर भिंतीला साठ हजारांपैकी एक फोटो होता. त्याने तो पाहिला, मामाला पाहिलं, आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"साहेब," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मिशी परत ठेवलीत?"

मामाने मामीकडे पाहिलं.

"घरून हरकत नव्हती," तो म्हणाला.