साहेबांनी दिलेला नारळ

सदानंद नेने शारजाच्या एका प्रयोगशाळेत दिवसभर नारळ आपटत असे. आखातातल्या इंजिनिअरला असलंही काम असतं, हे पुण्याच्या नातेवाइकांना सांगायची सोय नव्हती. सायकलवरून पडल्यावर मेंदूला किती मार बसतो, याचं ते संशोधन होतं. सेन्सरवालं नकली डोकं जर्मनीहून यायचं होतं. ते येईपर्यंत हेल्मेटमध्ये नारळ बांधून दोन मजल्यांच्या उंचीवरून सोडायचा, एवढंच विज्ञान हाती उरलं होतं.

नारळ रोज फुटत. फुटके नारळ दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटवर येत आणि त्याची बायको कुमुद ते खवून संपवी. शेजारच्या छायावहिनी तर आता वड्यांचा डबा दिसला की दार लावून घेत. आणि या संशोधकाची नऊ वर्षांची आभा खाली पार्किंगमध्ये उघड्या डोक्याने सायकल हाणत असे.

एक दिवस प्रयोगशाळेचे मन्सूरसाहेब म्हणाले, "हबीबी, या महिन्यात एकही हेल्मेट टिकलं नाही, तर प्रोजेक्ट खलास." प्रोजेक्टबरोबर सदानंदची नोकरी खलास, आणि नोकरीबरोबर व्हिसा. कुमुद गणपतीला नवस बोलली, "यांची नोकरी टिकू दे, तुझ्यापुढे नारळ वाढवू." घरात नारळाचं अजीर्ण झालेलं असताना देवालाही नारळच का, हे सदानंदने विचारलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती.

महिना संपता संपता नव्या अस्तराच्या हेल्मेटमधून नारळ शाबूत निघाला. पुन्हा सोडला, पुन्हा शाबूत. साहेबांनी सदानंदला मिठी मारली आणि आठवण म्हणून तोच नारळ त्याच्या हातात ठेवला. त्याने धावत जाऊन घरी फोन लावला.

"कुमुद, साहेबांनी मला नारळ दिला."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आनंदाने तिला बोलवेना, असं हा शहाणा समजला.

घरी येतो तर हॉलमध्ये तीन बॅगा भरलेल्या, आणि छायावहिनी कुमुदच्या पाठीवरून हात फिरवताहेत.

"बाबा, आर वी गोइंग बॅक?" आभाने विचारलं.

कुमुदने डोळे पुसले. "अहो, मस्कतच्या दादाशी बोललेय मी. नारळ दिला तर दिला. उपाशी नाही मरणार आपण."

सदानंदला तिची फार माया आली. त्याने पिशवीतून नारळ काढला. "अगं, खराखुरा दिलाय. हेल्मेट पास झालं."

कुमुद इतकी हसली की पुन्हा रडली. मग म्हणाली, "आधी नवस फेडा. वाढवा तो."

"हा फुटायचा नाही. दोन मजल्यांवरून फुटला नाही." ऐटीत असं म्हणत सदानंदने देवापुढच्या फरशीवर नारळ हलकेच आपटला. पहिल्याच फटक्यात त्याची दोन शकलं झाली आणि पाणी आभाच्या पायांपर्यंत वाहत गेलं.

सदानंदने एकदा शकलांकडे पाहिलं, एकदा दाराशी टेकवलेल्या सायकलकडे.

"वड्या उद्या करते," कुमुद म्हणाली. "तुम्ही आत्ता जा आणि आभाच्या मापाचं हेल्मेट घेऊन या."