मे महिन्यातला हीटर

तुम्हाला पटणार नाही, पण त्या दिवशी काशीमीऱ्याच्या नाक्यावर कावळे चालत होते. उडायला गेलं की पंखांना चटका बसायचा, म्हणून ट्रकच्या सावलीसावलीने शिस्तीत रांगेत चाललेले. सिग्नल लागला की तेही थांबायचे. असा तो मे महिना.

आणि त्याच दिवशी, दुपारी बारा बावीसच्या मुहूर्तावर, तारोडीला माझ्या भाचीचं, मानसीचं लग्न. आमच्याकडे मामाने नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं असतं. सख्खा मामा मी एकटाच. पण हळदीच्या दिवशीच माझा चुलत भाऊ कोंडिराम चारचौघांत म्हणाला, "सदूच्या त्या डबडा गाडीचा काय भरवसा? नाही पोचला तर मी आहे ना. मीपण मामाच." वर नवा फेटा बांधून आरशात वळून वळून बघत होता. लाज नाही मेल्याला.

म्हणून मी दहालाच निघालो. मागे पाचशे लाडू, शेजारी आमची कांता पैठणीत, आणि तिच्या मांडीवर रुखवतात मांडायच्या पोह्याच्या पापडांची परात.

"अहो, एसी वाढवा. पावडर ओघळतेय."

एसी वाढवला. नाक्यावरची गर्दी मुंगीच्या चालीने सरकत होती. भाईंदरचा पूल ओलांडून मिठागरांच्या रस्त्याला लागेपर्यंत इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. गाडी बाजूला घेऊन मी इंजिन बंद केलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

काशीमीऱ्याला उदयचं गॅरेज आहे, त्याला फोन लावला.

"सदूकाका, झाकणाला हात लावू नका! उकळतं पाणी तोंडावर उडेल. अर्धा तास गप बसून राहा. कूलंट कधी भरलेलं?"

"परवा तूच भरलंस ना?"

कांता खिडकीबाहेर बघायला लागली. तेहतीस वर्षांचा संसार आहे, मान बघून कळतं मला.

"कांता?"

"काल थोडं कमी दिसलं हो. तुम्ही म्हणालात ना, गाडी तापते म्हणून? मग त्या बाटलीत कोकमाचं आगळ घातलं. माणसाची उष्णता उतरते, गाडीची नाही उतरणार?"

"किती घातलंस?"

"दीडेक पेला. घरचंच होतं. चांगलं, गावचं."

फोनवर उदय एवढा हसला की माझ्या कानाला वारा लागला. "काकू, आगळात मीठ असतं! रेडिएटर गंजेल ना! काका, उद्या सगळं धुवून काढू. आज फक्त साधं पाणी घाला आणि मी सांगतो तसं करा."

अर्धा तास आम्ही छत्री धरून रस्त्याकडेला उभे. एक रिक्षा थांबली. आत आधीच चौघं आणि बोंबलांच्या दोन टोपल्या, त्यामुळे आम्हाला जागा कुठली! रिक्षावाला बंटी भला माणूस, त्याने पाण्याची पाच लिटरची कॅन दिली. बॉनेट निवल्यावर झाकणावर फडकं टाकून मी ते हळूहळू फिरवलं. आतून लालभडक फेस वर आला.

"चाचा, ये तो खून है!"

"कोकम है बेटा. चाची का इलाज."

त्याने बोट लावून वास घेतला. "इसमें जीरा डालो चाचा, मस्त बनेगा."

पाणी घातलं. पुन्हा उदयला विचारलं, आता?

"एसी बंद. काचा खाली. आणि हीटर फुल्ल."

"काय फुल्ल?"

"हीटर, काका. इंजिनची उष्णता आत ओढून घेतो तो. इंजिन थंड राहील, तुम्ही मात्र तापाल. काट्यावर नजर ठेवा, पळवू नका."

मे महिन्यात, भर दुपारी, मी हीटर लावला. शपथेवर सांगतो, पाचव्या मिनिटाला कांताच्या मांडीवरचा पहिला पापड फुलला. मग दुसरा. तारोडीची पाटी दिसेपर्यंत परातभर पापड कुरकुरीत भाजून तयार. मी पिळलेल्या टॉवेलसारखा. पण काटा मात्र मधोमध, शहाण्या पोरासारखा.

"अहो, मी शिजतेय!"

"शीज, पण बोलू नकोस. बारा वीस झाले!"

हॉलपाशी ब्रेक दाबला तेव्हा आत सनई चालू होती. लाडू, पापड, बायको, सगळं गाडीत सोडून मी पळालो. दारातून बघतो तर कोंडिराम फेटा सावरत मानसीचा डावा हात धरून निघालेला.

आणि मानसी? ती पाय रोवून उभी. "कोंडीमामा, थांब. सदूमामा आल्याशिवाय मी हलणार नाही."

"अगं, मुहूर्त टळतोय!"

"टळू दे. बोहल्यावर मलाच उभं राहायचंय ना?"

"आलो गं बाय!" मी ओरडलो. माझ्या अंगातून अजून वाफ निघत होती. भटजी दोन पावलं मागे सरकले. मानसीने मला बघितलं आणि हळद लागलेल्या तोंडाने अशी हसली, की हीटर वसूल झाला.

कोंडिरामचं तोंड उतरलं. वय झालंय बिचाऱ्याचं, फेटाही महागाचा होता. मी म्हटलं, "कोंड्या, सोडू नकोस तिला. डावा तुझा, उजवा माझा." तो एवढा खूश झाला की माझ्या ओल्या सदऱ्यालाच मिठी मारायला आला.

दोन मामा, एक नवरी, बरोबर बारा बावीसला अंतरपाटापाशी.

आता शेवटचं सांगतो, तेही खरंच आहे. मेंदीला ऊब लागली की रंग चढतो, बायकांना विचारा. माझा हात असा तापलेला होता की मानसीचा उजवा तळवा जागच्या जागी काळाकुट्ट रंगला. डावा, कोंडिरामकडचा, तसाच फिक्कट नारिंगी राहिला. तिच्या सासूबाई तो उजवा हात सगळ्या पाहुण्यांना दाखवत फिरल्या. लग्नाचे फोटो मानसीकडे आहेत, खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. कोंडिराम म्हणतो, फोटोवाल्याचा फ्लॅश एका बाजूने पडला म्हणून तसं दिसतं. म्हणू दे.