नवव्या दिवशीचं नाव

नेलिदाने चाळणीतून चुना भुरभुरवत जमिनीवर आखलेल्या क्रुसाचा उजवा हात सारखा केला आणि गुडघ्यांवरच मागे सरकली. आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांनी तो जागोजाग पुसट झाला होता. आज नववी संध्याकाळ. प्रार्थना झाली की क्रूस जमिनीवरून उचलायचा, डबीत भरायचा, आणि वडील आता घरातून निघाले असं मानायचं.

वडिलांचा देह विमानाने मेक्सिकोत, ग्वानाहुआतोतल्या त्यांच्या गावी गेला होता. शवपेटीवर त्यांचं खरं नाव होतं, फिदेन्सियो सेर्वीन. इथे पेनसिल्व्हेनियात, अळिंबी पिकवण्याच्या अंधाऱ्या खोल्यांत, तेवीस वर्षं ते रुबेन आयाला होते. गावाकडे परतताना एका चुलतभावाने आपली इथली कामाची कागदपत्रं त्यांना देऊन टाकली होती. कागदांबरोबर नावही आलं. म्हणून वस्तीत मयताच्या प्रार्थना सांगणारी कुकाआजी आठ संध्याकाळी रुबेनच्याच आत्म्यासाठी प्रार्थना सांगत होती आणि कामावरची माणसं तिच्यामागून तेच नाव घेत होती.

“आज खरं नाव घ्यायचं,” नेलिदा म्हणाली.

तिची आई तेन्चा दालचिनीची कॉफी ढवळत होती. तिने वर पाहिलं नाही.

“आई, रुबेनकाका तिकडे धडधाकट आहेत. गेल्या रविवारी त्यांनी डुक्कर कापलं, फोटो पाठवला. जिवंत माणसाला आपण रोज स्वर्गात ढकलतोय.”

“बरं आहे की. त्याची वेळ येईल तेव्हा वाट झाडलेली असेल.”

मग तेन्चाने पातेल्याखालचा जाळ बारीक केला आणि हळू आवाजात जे सांगायचं ते सांगितलं. क्रूस उचलायला मिर्नाताई येणार होती. मिर्ना त्याच कामावर मुकादम होती. गेल्या महिन्यात ऑफिसातून कागद न जुळणाऱ्यांची यादी घेऊन तीच खोल्याखोल्यांतून फिरली आणि दोघी बहिणींना काम सोडून डब्यासकट घरी जावं लागलं. तेन्चा स्वतः पॅकिंगच्या पट्ट्यावर उभी राहायची, तीही उसन्या नावावर. नवऱ्याचं नाव खोटं निघालं तर बायकोच्या नावाकडे बघायला कितीसा वेळ लागणार?

“तू इथे जन्मलीस,” तेन्चा म्हणाली. “तुला नाव म्हणजे नुसतं नाव वाटतं.”

नेलिदाने चाळणी धुऊन पालथी घातली.

सहाच्या सुमारास माणसं आली. बहुतेक पाळी संपवून परस्पर आली होती; केस ओले, नखांच्या कडेला मात्र काळी माती तशीच. पूर्वी या कामावर मुकादम गोरे असायचे आणि वाकणारे आपले. आता मुकादमही आपला, ट्रक चालवणाराही आपला. पण हे खोलीत कोणी बोलत नव्हतं. बोलणं चाललं होतं ते रुबेनदादांच्या हाताचं. अळिंबी ओढायची नाही, दारूच्या बाटलीच्या झाकणासारखी फिरवायची, असं ते नवख्याला सांगायचे. बाटली न उघडलेल्याला मी काय शिकवू, असंही म्हणायचे. लोक हसले. मिर्नाही हसली. तिला ते काम त्यांनीच शिकवलं होतं.

जपमाळेची प्रार्थना संपली. मिर्ना कोरा झाडू आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन क्रुसापाशी गुडघ्यांवर बसली. आधी डोकं, मग दोन्ही हात, मग पाय, शेवटी काळीज. प्रत्येक भाग उचलताना आजी नाव घेई आणि सगळे चिरशांती मागत.

डोकं उचललं. रुबेनला चिरशांती दे, प्रभू. उजवा हात उचलला. रुबेनला. डावा हात.

मिर्नाने झाडू पायांपाशी टेकवला. आजीने श्वास घेतला.

“फिदेन्सियो,” नेलिदा म्हणाली. तिचा आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “माझ्या बाबांचं नाव फिदेन्सियो सेर्वीन. रुबेन त्यांचा चुलतभाऊ. तो जिवंत आहे.”

स्वयंपाकघराच्या दारात तेन्चाने हातातला रुमाल छातीशी घट्ट धरला. खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडे पाहत नव्हती. ती मिर्नाच्या झाडूकडे पाहत होती.

झाडू बराच वेळ हलला नाही.

“आजी, सांगा ना,” मिर्ना मान खाली घालूनच म्हणाली. “पाय राहिलेत.”

“फिदेन्सियोला,” आजीने अडखळत सुरू केलं, “चिरशांती दे, प्रभू.” आधी दोनतीन जणांनी म्हटलं. काळजाच्या वेळी सगळ्यांनी म्हटलं. मिर्नाने शेवटची चिमूट बोटाने टिपून डबीत टाकली, झाकण लावलं आणि डबी नेलिदाच्या हातात दिली.

मग लोक रीतीप्रमाणे भेटायला रांगेत उभे राहिले. पहिली मिर्नाच होती. नेलिदा सहा वर्षांची असल्यापासून मिर्नाला ओळखत होती; मिर्नाच्या स्वयंपाकघरात जेवली होती. मिर्नाने मिठी मारली नाही. गावाकडे अनोळखी घरात स्वतःचं नाव सांगताना करतात तसा तिने हात पुढे केला.

“सिप्रियाना तेयेस,” ती म्हणाली, “आपल्या सेवेला.”

नेलिदाने हात धरला. तो चुन्याने कोरडा पडला होता. मिर्नाच्या मागची रांग पुढे सरकेना. रांगेतला एकजण टोपी काढून तिची कड चाचपत राहिला, जणू बऱ्याच वर्षांत न उच्चारलेलं आपलं नाव जुळवत होता.

तेन्चा कप घेऊन बाहेर आली.

“बसा,” ती म्हणाली. “साखर किती घालू, सिप्रियानाताई?”