वाजणारा फोन

नेटवाल्याने भिंतीवर नवी डबी बसवली आणि विचारलं, "जुना फोन काढून टाकू का, आजी?"

"मग नेट कसं चालायचं?"

"नेटला फोन लागतच नाही. तुमचं तर आधीपासून वेगळ्या वायरवर होतं."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. फार वर्षांपूर्वी फोन उचलला की नेट तुटायचं, तेच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून सून रात्रीपर्यंत घरून काम करू लागल्यापासून बहिणीचा फोन वाजून वाजून थांबायचा, पण त्या हात लावत नसत.

सून म्हणाली, "अहो आई, मला वाटलं, मावशींशी बिनसलंय तुमचं."

"तिलाही तेच वाटलं असणार." त्यांनी लगेच नंबर लावला.

"मी बोलतेय गं."

 पलीकडून बहीण म्हणाली, "आहेस होय अजून?"

"आहे. पण अक्कल गहाण पडली होती."