खेमसिंगच्या हाताचा गुण

ममताने बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा खार पॉलिशपेपरने घासून काढला, नट आवळले आणि मीटरच्या सळ्या टेकवल्या. साडेबारा व्होल्ट. बॅटरी ठणठणीत होती. तरी चाबी फिरवली तेव्हा त्या बुटक्या लाल ट्रॅक्टरने हूं की चूं केलं नाही.

"पाह्यलं?" संत्र्याच्या सावलीत बाजेवर बसलेले घनश्यामकाका म्हणाले. "माह्याही हातानं नाही, तुह्याही हातानं नाही. खेमसिंगच्या हातानं बरोबर चालू होते."

ही गोष्ट एव्हाना बोरी अरबच्या बाजारापर्यंत पोचली होती. संत्र्याच्या ओळींमधून फिरावा म्हणून घेतलेला हा छोटा ट्रॅक्टर वीस वर्षं इमानाने चालला आणि गेल्या चार महिन्यांपासून मालकालाच ओळख देईनासा झाला. काका रोज सकाळी चाबी फिरवत आणि हात हलवत परत येत. तांड्यावरचा खेमसिंग कामाला आला की मात्र पहिल्याच फटक्यात धूर. खेमसिंगच्या हाताला गुण आहे, असा निकाल गावाने परस्पर देऊन टाकला होता. दोन मिस्त्री येऊन गेले. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने स्टार्टर उघडून पुन्हा बसवला. दोघांसमोर ट्रॅक्टर गुणी लेकरासारखा चालू झाला आणि ते गेल्यावर पुन्हा तेच.

ममता दारव्ह्याची. आयटीआयमधून वायरमन झालेली, घरांचं वायरिंग करणारी. ट्रॅक्टर आपलं काम नव्हे, हे तिने फोनवरच सांगितलं होतं. पण काकांनी हट्ट धरला, तूच ये, आणि न सांगता ये. तिलाही खरं म्हणजे राहवलं नव्हतं. माणूस ओळखणारी वायर तिने अजून पाहिली नव्हती.

फ्यूज काढून तिने उजेडात धरला. शाबूत. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा ट्रॅक्टरच्या लोखंडाला लावून टोक चाबीच्या मागे ठेवलं आणि काकांना चाबी फिरवायला सांगितली. दिवा लागला. म्हणजे चाबीतून वीज पुढे सुटत होती. स्टार्टरवरची बारीक वायर सोडवून तिच्यावर टोक ठेवलं. अंधार. घोडं पेंड खात होतं ते या दोन जागांच्या मध्ये, आणि मध्ये होती फक्त वावभर वायर. ममताला एकदम हुरूप आला. एवढ्याशा जागेत लपून लपून काय लपणार!

वायर सरळ स्टार्टरकडे जायला हवी होती. ती सीटखाली वळली होती, आणि तिथे तिचं काहीच काम नव्हतं. ममताने सीटवरचं पोतं उचललं, हात आत घातला, आणि बोटांना लागलं ते ओढून पाहिल्यावर तिला हसूच आलं. घरात दिव्याला लावतात तसलं पांढरं बटण, तारेने बांधलेलं. चोरबटण. ट्रॅक्टर चोरीला जाऊ नये म्हणून लोक लावतात, त्यात नवल नव्हतं. नवल जोडांचं होतं. मिस्त्री वायरी पकडीने पिळतो. या वायरी देवापुढच्या वातीसारख्या तळहातांवर वळलेल्या होत्या. वर काळी टेपही नव्हती. डोळ्यावरचा कापूस धरून ठेवायला दवाखान्यात जी पांढरी चिकटपट्टी लावतात, ती होती. पट्टी आता सुटत आली होती. टेस्ट लॅम्पचं टोक स्टार्टरच्या वायरीत अडकवून ममताने काकांना पुन्हा चाबी फिरवायला लावली आणि जोड जरा हलवले, तशी दोन उघडी टोकं एकमेकांना टेकली आणि बटण बंद असूनही दिवा लागला.

तिने काकांकडे पाहिलं. ते तिच्याच दिशेने बघत होते, पण नजर तिच्या खांद्याजवळून निघून जात होती.

तेवढ्यात ओटीत तुरीच्या शेंगा घेऊन काकांची बायको शकुबाई बांधावरून आल्या. ममताच्या हातातलं बटण पाहून त्यांची पावलं थबकली. पोरीला पाणी देते, असं मोठ्याने सांगून त्या तिला विहिरीकडे घेऊन गेल्या.

विहिरीपाशीच त्यांनी सगळं सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचं पुढचं चाक याच काठावर अधांतरी लटकलं होतं. काकांना विहीर दिसलीच नव्हती. ऑपरेशन झालं, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येणार नाही, ट्रॅक्टर आता बंद, असं डॉक्टर म्हणाले, तर काकांनी डॉक्टरलाच वेड्यात काढलं. समजावून झालं, भांडून झालं. चाबी लपवली तर त्यांनी चाबीच्या जागी पेचकस घालून ट्रॅक्टर चालू केला. मग घरातलं बटण उघडून, पाहून पाहून शकुबाईंनी हे बसवलं. खेमसिंग किंवा मिस्त्री यायच्या आधी दाबायचं, गेले की बंद करायचं.

"ह्यायले सांगू नको, पोरी," त्या म्हणाल्या. "उद्याच उपटून फेकतीन, अन् परवा ह्या विहिरीत असतीन."

फॉल्ट काढायला ती आली होती, आणि फॉल्ट काढला तर हा माणूस ट्रॅक्टर घेऊन निघणार होता. तिला दोघांचंही फार वाईट वाटलं.

शकुबाई चहा ठेवायला झोपडीत गेल्या. त्यांची पावलं लांब जाईपर्यंत काका कान देऊन बसले. मग त्यांनी ममताला जवळ बोलावलं.

"बटण सापडलं न?"

ममताने झोपडीच्या दाराकडे पाहिलं.

"मलेही सापडलं होतं. दुसरा मिस्त्री गेला त्या दिवशी एक-एक वायर चाचपली. डोये गेले, हात थोडेच गेले."

मग मला कशाला बोलावलं, तिने विचारलं.

काका चाबी अंगठ्याने चोळू लागले. "तू आली तवाच सांगणार होतो, तोंडच उघडे ना. परवा बटण बंद होतं. चाचपूनच बसलो होतो. चाबी फिरवली, त झालं ना चालू. समोर झाड हाय का विहीर हाय, काही समजे ना. कसंबसं चाचपून बंद केलं." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुले घरचे बटणं बसवता येतेत. पक्कं करून दे. अन् तिले सांगू नको. तिनं लपवून केलं, लपूनच राहू दे."

"पण काकाजी, मंग रोज चाबी कायले फिरवता?"

"एक दिवस नाही गेलो, त जेवली नाही थे. चार खेपा इचारलं, आज काहून नाही गेले म्हणून."

ममताने जोड सोडवले, पकडीने घट्ट पिळले, प्रत्येकावर वेगळी काळी टेप गुंडाळली. बटण पत्र्याला स्क्रूने कसलं आणि बंद केलं. स्टार्टरची वायर जागेवर लावली. दोनदा हलवून पाहिलं. काही हललं नाही.

शकुबाई चहा घेऊन आल्या तेव्हा काका उठले. मडगार्ड चाचपत सीटवर चढले, ताठ बसले आणि चाबी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. शकुबाई कप धरून तशाच उभ्या होत्या.

"नाही होत व," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मोकळा होता.

"होईन," शकुबाई म्हणाल्या. "उद्या पाहा."

काकांनी चाबी खिशात ठेवली आणि चहासाठी हात पुढे केला. शकुबाईंनी कप त्यांच्या बोटांपर्यंत नेला.