पडण्याची जागा

पिन तिरकी बसली होती, फाइलीच्या डाव्या कोपऱ्यात, एक टोक वर आलेलं, आणि ती अंगठ्याने ते टोक पुन्हा पुन्हा दाबत होती, कारण ते दाबत असेपर्यंत पान उलटावं लागत नव्हतं. वय एक्याऐंशी. पुरुष. उजवं मनगट मोडलेलं. नाव वाचायची गरजच नव्हती.

घरातल्या घरात माणसं कुठे पडतात, भाजतात, बोटं चेंगरून घेतात, ते वाचायचं आणि संगणकावर त्या जागेचा कोड घालायचा, हे तिचं हॉस्पिटलातलं सात वर्षांचं काम. स्वयंपाकघराचा शेवटचा आकडा शून्य, बाथरूमचा दोन, झोपायच्या खोलीचा तीन. लोक रस्त्यावर उगाच जपून चालतात, असं ती नवऱ्याला गमतीनं म्हणायची. आज सकाळपासून बत्तीस फायली झाल्या, आणि तेहेतिसावी सासऱ्यांची निघाली.

तिनं पान उलटलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं : बाथरूममध्ये घसरले, असं सून सांगते. त्याखाली नर्सचं बारीक अक्षर : खोलीत खुर्चीवरून पडले, दार बाहेरून बंद होतं, असं पेशंट सांगतात, विसरभोळेपणा आहे.

दोन नोंदी जुळत नसतील तर आपलं डोकं चालवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. नात्यातली फाइल आली तर हातही लावायचा नाही, शेजारच्या टेबलावर द्यायची. नियम तिला तोंडपाठ होते, नव्या मुलींना तीच शिकवायची. पण शेजारची बाई लगेच प्रश्न पाठवणार, डॉक्टर सहाच्या राउंडला विचारणार, आणि सहाला उशाशी मुलगा बसलेला असणार... तिचा नवरा. बाबांना कोंडायचं नाही, काही झालं तरी, असं तो एकदाच म्हणाला होता, आणि ती हो म्हणाली होती.

हो म्हणायला काय जातं? दोनदा ते रस्त्यावर निघून गेले, एकदा गॅस तसाच सोडला, तेव्हा हा ऑफिसात होता. रविवारी तो बाहेर गेला आणि तिनं फक्त आंघोळीपुरती त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली – दहा मिनिटं. मग चहा केला. मग कप घेऊन बसली, आणि किती महिन्यांनी घरात कुणी काही विचारत नव्हतं... त्यांनी हाक मारली तेव्हा कपात अर्धा चहा होता. ऐकू आली नाही असं नाही. मी ऐकली. मी चहा संपवला. दुसरी हाक आली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज – दारावरच्या झडपेतून बघायला ते चढले असणार – आणि मग ते सगळं.

बाथरूम तिच्या तोंडून आपोआप आलं. म्हातारी माणसं तिथंच पडतात, तिच्याच फायली सांगत होत्या.

दोन टाकला की संपलं. तपासनीस बाई – सगळे त्यांना 'भिंग' म्हणत – दहातली एक फाइल बघायच्या, आणि बघितली तरी विसरभोळ्या म्हाताऱ्याचं कोण खरं धरतंय? हा विचार आला आणि तिला स्वतःची किळस आली. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती वॉर्डात गेली.

ते जागे होते. तिला बघून त्यांनी डाव्या हातानं चादर सारखी केली, पाहुणं कुणी आल्यासारखी.

"बरं झालं आलीस," ते हळू म्हणाले. "परत कुणी विचारलं तर काय सांगू? माझ्या लक्षात राहत नाही गं. तू एकदा नीट सांग, मी घोकून ठेवतो."

"तुम्हाला काय आठवतं, बाबा?"

"दार," ते म्हणाले. "पण तुला दुसरं काही आठवत असेल तर तेच खरं. तुझं डोकं जाग्यावर आहे."

पाणी हवं का, एवढंच तिनं विचारलं.

परत येऊन ती फाइलीपुढे बसली. कोडाचा चौकोन कोराच होता. शेजारची बाई म्हणाली, जेवली नाहीस वाटतं, आणि ती काहीतरी पुटपुटली. सकाळपासून भीती होती ती त्यांना आठवेल याची. आता ती उलटी झाली होती, आणि घड्याळात तीन वाजले होते. सहापर्यंत ते दार त्यांच्या डोक्यातून निघून गेलं तर? मग ते जगात तिच्या एकटीकडेच राहणार होतं. आठवत राहा, बाबा, ती मनात म्हणत होती, मला सांगता येत नाही, तुम्ही तरी आठवत राहा.