पांढुरकी रेघ

अण्णाच्या बोटांना बारा महिने फोटो धुण्याच्या द्रावणाचा आंबूस वास असायचा. तो जेवायला बसला की वास आधी पानावर यायचा आणि आई नाक मुरडायची. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, लातूरच्या शाळेत रसायनशास्त्राचा मास्तर. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तो न्हाणीच्या खिडकीवर कांबळं ठोकायचा, लाल दिवा लावायचा, आणि आमच्या घरात संध्याकाळपर्यंत कुणाची आंघोळ व्हायची नाही.

चैत्राचं ऊन काळ्या रानावर थरथरू लागलं की गावोगावच्या जत्रांत सायकलींच्या शर्यती लागत. शिरूर अनंतपाळ असो, जळकोट असो की थेट नांदेडकडचं लोहा, अण्णा गळ्यात कॅमेरा अडकवून स्वतःच्या सायकलवरून तिथे पोचलेला असायचा. स्वार समोरून सुटला की त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवायचा, असं त्याचं तंत्र. त्यात स्वाराच्या कपाळावरचा घामसुद्धा लख्ख येई आणि मागची झाडं-माणसं नुसत्या रेघा होऊन वाहून जात. वेग दिसला पाहिजे, असं तो म्हणायचा, आणि ते फोटो पाहून मी खरोखरच अवाक व्हायची.

मग भूकंप झाला. औशापलीकडचं एक गाव, जिथल्या जत्रेची शर्यत अण्णाने त्याच वर्षी टिपली होती, दगडमातीखाली गेलं. काही आठवड्यांनी तिथले भागवतमामा आमच्या दारात उभे राहिले. शेतकरी माणूस, अंगावर कुणीतरी दिलेला सदरा, तोही सैल.

"गुरुजी, शर्यतीच्या दिशी तुमी फोटू काढीत होते. आमची लेक सुमी तिथंच हुभी होती, पिवळ्या परकरात. तिचा एक बी फोटू न्हाई आमच्यापाशी."

अण्णाने सगळे फोटो सतरंजीवर मांडले. मामा एकेक उचलून डोळ्यांजवळ नेत होते. स्वार, स्वार, पुन्हा स्वार. आणि त्यांच्या मागे सगळं गाव पुसून गेलेलं. शेवटी एका फोटोतल्या पांढुरक्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "ही असंल का?"

अण्णाही त्या रेघेवर वाकला. ज्या कौशल्याचा त्याला एवढा अभिमान, त्यानेच त्या पोरीचा चेहरा पुसला होता. ते त्याच्या तोंडावर मला दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची दया आली.

फिल्मच्या पट्ट्या तो कापून ठेवायचा, त्यामुळे चांगल्या चित्रांना चिकटून फसलेलीही राहून जात. त्या पट्ट्या तो खिडकीच्या उजेडात धरून बघू लागला. एका स्वाराची ऐनवेळी चेन पडली होती, त्याच्याबरोबर अण्णाचा फिरता हातही थबकला होता, आणि स्वार अर्धाच आलेलं ते चित्र त्याने वाया गेलेलं म्हणून कधी छापलंच नव्हतं. मामांना घेऊन तो न्हाणीत शिरला. मी दाराशी उभी. लाल उजेडात, परातीतल्या द्रावणाखाली कोऱ्या कागदावर आधी दोन वेण्या आल्या, मग कपाळ, मग त्या फजितीला हसणारं तोंड. असं काही मी देवळातही पाहिलेलं नाही.

"हाव," मामा म्हणाले. "हीच."

त्यानंतर अण्णा शर्यतीत कॅमेरा स्थिर धरू लागला. सायकली धूसर होऊन जात आणि पलीकडची माणसं लख्ख उमटत. पुढे लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं, खेड्यापाड्यांतली मुलं पहाटे दप्तरं अडकवून सायकली दामटू लागली. तेव्हाही त्याने टिपले ते शिकवणीच्या फाटकाशी डबा घेऊन ताटकळणारे आईबाप. शर्यतीत पहिला आलेला तुझ्या फोटोत दिसतच नाही, म्हणून मी चिडवायची. त्याला बक्षीस मिळालंय की, असं तो म्हणायचा.

अण्णा जाऊन आता बरेच पावसाळे झाले. परवा भूकंपानंतर वसवलेल्या नव्या वसाहतीत भागवतमामांकडे गेले होते. त्यांना काठीशिवाय चालवत नाही. सुमीच्या मैत्रिणींची मुलं लातुरात शिकायला आहेत. भिंतीवरच्या फोटोकडे बघत मामा म्हणाले, "त्यातला रोड बी आता न्हाई, बाई."

रस्ता गेला, गाव गेलं, टिपणारा हातही गेला. काळाने जिला सगळ्यांत आधी नेलं, तीच तेवढी आमच्यात हसत उभी आहे.